गाळलेलें पान

पुष्कळ सुशिक्षित घरांत जुन्या पुस्तकांचें एखादें कपाट असतें, आणि त्याच्या तळच्या खणांत बहुधा अशीं कांहीं पुस्तकें असतात कीं, जीं कोणी वाचीत नाहीं, परंतु रद्दींत घालावीं असेंही कोणाच्या मनांत येत नाहीं. पुठ्ठे निखळलेले, पानांचे कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत मालकाचें नांव, इयत्ता व तुकडी घातलेली, अशीं हीं पुस्तकें म्हणजे आमच्या बाळपणाचा उरलासुरला ऐवज होय. मोठेपणीं आपण यांहून शतपट चांगले ग्रंथ वाचतों व त्यांची थोरवी मनःपूर्वक मान्य करितों. परंतु दहाव्या-बाराव्या वर्षीं दिवेलागण होऊन गेली तरी हातांतून न सुटलेल्या पुस्तकाशीं जें नातें जडतें, तें पुढें कोणत्याही ग्रंथाशीं जडत नाहीं.

हीं पुस्तकें प्रत्येक पिढीचीं निराळीं असतात. आमच्या वडिलांनीं हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' व नाथमाधवांचा 'वीरधवल' रात्री जागून वाचला. आमच्या वांट्यास १९५२ सालापासून मराठींत निघूं लागलेला 'चांदोबा' आला. साने गुरुजींची 'श्यामची आई', ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' व भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेला ज्यूल व्हर्न आला. आणि क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचलेले बाबूराव अर्नाळकरांचे 'झुंजार' व 'काळा पहाड'ही आले. आमच्या धाकट्या भावंडांस १९७१ सालीं सुरू झालेला 'किशोर' व फुरसुंगीच्या बनेश फेण्याच्या, म्हणजे 'फास्टर फेणे'च्या, साहसकथा लाभल्या. यांतील एक पुस्तक आवडलें म्हणजे त्याच्या पुढचें, त्याच्याही पुढचें मिळविण्यासाठीं वाचनालयाच्या खिडकीशीं केलेली खटपट ज्यास आठवते, त्यास अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

अशीं पुस्तकें पुढच्या पिढीच्या हातीं देण्याची वेळ आली म्हणजे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहतां तो क्षुल्लक आहे. तथापि गेल्या दिवाळीच्या सुटींत तो आमच्यापुढें अशा रीतीनें आला कीं, त्याचा विचार केल्यावांचून आमची सुटका झाली नाहीं.

आमची नऊ वर्षांची नात सुटीस आमच्याकडे आली होती. निजण्यापूर्वीं तिला कांहीं वाचून दाखवावें म्हणून आम्हीं लहानपणचें आमचें अत्यंत आवडतें पुस्तक कपाटांतून काढलें. त्याचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांविषयीं तेंच म्हणतां येईल. पहिल्या दोन रात्री मोठ्या आनंदांत गेल्या. तिसऱ्या रात्रीं वाचतां वाचतां आम्ही एका प्रसंगाशीं आलों. वाड्यावर राबणाऱ्या एका गड्याचें तेथें वर्णन होतें. आणि लेखकानें त्याच्या रंगाची, त्याच्या बोलण्याची व त्याच्या जातीची अशी कांहीं थट्टा केली होती कीं, आमची जीभ अडली. हें सारें या पुस्तकांत होतें याची आम्हांस आठवणही नव्हती! आम्हीं तीं पांच-सहा वाक्यें गाळलीं, दोन टोकें बेमालूम जुळवून घेतलीं व पुढें वाचूं लागलों. आवाजांत यत्किंचितही फरक पडूं दिला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं नात तें पुस्तक घेऊन आली. त्याच पानावर तिचें बोट होतें. "आजोबा, काल तुम्ही हें वाचलंच नाहीत," ती म्हणाली. तिच्या स्वरांत आरोप नव्हता; बेरजेंतला हातचा राहिला असें सांगावें, तसें तिनें सांगितलें. आम्हीं "झोप येत होती, राहून गेलं असेल" असें कांहीं तरी उत्तर दिलें. म्हणजे आधीं पान गाळलें, आणि मागाहून तें गाळण्याचें कारणही गाळलें!

तेव्हां प्रश्न असा कीं, आपल्या आवडत्या पुस्तकांतील दोष मुलांपासून लपविण्याचा वडील माणसांस अधिकार आहे काय?

आहे, असें म्हणणारांत थोर थोर नांवें आहेत. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांत मुलांस सांगावयाच्या कथांवर देखरेख ठेवावी असें सांगितलें व होमरसारख्या कवीच्या काव्यांतूनही देवांना व वीरांना कमीपणा आणणारे भाग काढून टाकण्याची सूचना केली. रूसोनें १७६२ सालच्या आपल्या 'एमील' ग्रंथांत मुलास प्रथम एकच पुस्तक द्यावें असें म्हटलें, तें 'रॉबिन्सन क्रूसो'; ला फाँतेनच्या बोधकथांस त्यानें साफ मज्जाव केला. इंग्लंडांत १८०७ सालीं बाउडलर घराण्यानें शेक्सपियरची कुटुंबांत वाचण्याजोगी आवृत्ति काढली व पुढें काटछांट करण्याच्या क्रियेस इंग्रजी भाषेंत त्या घराण्याचेंच नांव पडलें. या मंडळींचा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? लहान मूल जें वाचतें तें त्याच्या अंगीं लागतें, ही त्यांची मूळ समजूत तर आमचीही आहे. ती नसती तर आमची जीभ अडलीच नसती.

शिवाय कोणी असेंही म्हणेल कीं, गोष्टींत फेरफार करणें ही तर आपली परंपराच आहे. हें खरें आहे. पंचतंत्राचे किती तरी पाठ आहेत. सहाव्या शतकांत तें पहलवींत गेलें, आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फानें तें अरबींत नेलें, आणि प्रत्येक मुक्कामावर त्यांत कांहीं भर पडली, कांहीं गळलें. घरोघरच्या आज्यांनीं तर राक्षसाला नातवाच्या धीराच्या बेतानें लहानमोठें केलें. त्यांना आपण कधीं दोष दिला आहे काय?

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आजीची गोष्ट ही आजीची असते. ती सांगतांना ती समोर बसलेली असते, आणि "काल तर राक्षस मेला होता" असें नातवानें म्हणतांच तिला त्याचें उत्तर द्यावें लागतें. छापील पुस्तकाची गोष्ट तशी नाहीं. त्याच्या मुखपृष्ठावर एका माणसाचें नांव असतें. जें त्यानें लिहिलें तें त्यानें लिहिलेंच नाहीं असें भासविणें, म्हणजे त्याच्या सहीच्या कागदांत फेरफार करण्यासारखें आहे, मग तो फेरफार कितीही सद्हेतूचा असो. खुद्द लेखकानें आपली चूक सुधारली तर गोष्ट वेगळी. रोआल्ड डाल या इंग्रज लेखकानें १९६४ सालच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' या पुस्तकांत कारखान्यांतील बुटके कामगार आफ्रिकेंतून आणलेले दाखविले होते; त्यावर टीका झाली, आणि १९७३ च्या आवृत्तींत त्यानें स्वतःच तें वर्णन बदललें. पी. एल. ट्रॅव्हर्स या लेखिकेनेंही 'मेरी पॉपिन्स' या १९३४ सालच्या पुस्तकांतील एक प्रकरण १९८१ सालीं नव्यानें लिहिलें. ही दुरुस्ती म्हणजे लेखकाचें प्रायश्चित्त होय, आणि प्रायश्चित्त ज्याचें त्यानेंच घ्यावयाचें असतें. १९९० सालीं डाल वारल्यानंतर, २०२३ च्या फेब्रुवारींत त्याच्या पुस्तकांतील शेंकडों शब्द प्रकाशकांनीं बदलल्याचें बाहेर आलें, तेव्हां एवढा गहजब झाला कीं, जुना पाठही छापीत राहूं असें त्यांना त्याच महिन्यांत जाहीर करावें लागलें. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा आजची करण्याचा प्रयोग २०१० सालीं झाला. वाचकांस तो न रुचल्यामुळें २०१६ सालीं सोडून द्यावा लागला.

तथापि प्रकाशकाचे नियम हें कांहीं आमच्या प्रश्नाचें संपूर्ण उत्तर नव्हे. निजावयाच्या खोलींत लेखकही नसतो व प्रकाशकही नसतो. एक म्हातारा, एक मूल व एक दिवा एवढेंच असतें. तेथें पांच वाक्यें गाळल्यानें कोणाचें काय जातें?

काय जातें तें एका उदाहरणानें दाखवितों. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं साने गुरुजींनीं लिहिलेली 'श्यामची आई' मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? तिच्यांत एक प्रसंग आहे. अस्पृश्य गणलेल्या समाजांतील एका म्हातारीस लांकडांची मोळी उचलून डोक्यावर घेतां येत नाहीं. आई श्यामला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरीं येऊन स्नान कर असेंही सांगते. आजच्या मुलास हें स्नान खटकतें, आणि खटकलेंच पाहिजे. मग तें गाळावें काय? गाळलें तर काय होईल तें पाहा. श्यामची आई आजच्या काळांतील एक सुधारलेली बाई होईल, आणि तिनें त्या दिवशीं काय केलें हेंच वाचकास कळणार नाहीं. ज्या गांवांत शिवणें हाच अपराध होता, त्या गांवांत तिनें मुलाला शिवावयास पाठविलें. परंतु विटाळाची कल्पना तिच्या मनांतून गेली नव्हती. एक पाऊल तिनें टाकलें, दुसरें तिच्यानें टाकवलें नाहीं. तें दुसरें पाऊल मुलानें टाकलें. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचीं दारें हरिजनांस उघडावीं म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं दहा दिवस उपोषण केलें, हा इतिहास आहे. स्नानाची ओळ पुसली कीं त्या उपोषणाचा उगमही पुसला जातो. माणसें किती चाललीं हें समजण्यास तीं कोठून निघालीं हें दिसावें लागतें.

येथपर्यंत आमचा युक्तिवाद आम्हांस निर्दोष वाटत होता. पुस्तक संपूर्ण द्यावें, काळाचा दोष काळाच्या माथीं ठेवावा, असा निकाल देऊन आम्ही मोकळे होणार होतों. परंतु इतक्यांत एक जुनी गोष्ट आठवली व तो निकाल आमच्याच हातीं राहिला.

इयत्ता सातवींत असतांना हेंच पुस्तक आम्हीं आमच्या एका वर्गमित्रास वाचावयास दिलें होतें. तो वर्गांत हुशार होता व आमच्याहून झपाट्यानें वाचीत असे. दोन दिवसांत पुस्तक संपवून तो पुढचा भाग मागील, अशी आमची खात्री होती. त्यानें दुसऱ्याच दिवशीं तें परत आणून दिलें. "कुठवर वाचलंस?" असें विचारतां "छान आहे" एवढेंच म्हणाला. आम्हांस फार राग आला. याला गोष्टीची गोडीच नाहीं, असें आम्हीं ठरवून टाकलें व त्यानंतर त्याला एकही पुस्तक दिलें नाहीं. तो त्याच समाजांतला होता, ज्याची त्या पानावर थट्टा केलेली आहे. पन्नासांहून अधिक वर्षें आम्हीं ही गोष्ट "मित्राची अरसिकता" या सदराखालीं मनांत ठेवली होती; नातीचें बोट त्या पानावर पडलें, तेव्हां ती त्या सदरांतून बाहेर निघाली.

आमचें आवडतें पुस्तक! परंतु आवडतें कोणाला? तीं वाक्यें आम्हांस आठवतही नव्हतीं, यांत आमचा निष्पापपणा नव्हता. तीं आमच्याविषयीं नव्हतीं, म्हणून आम्हांस आठवलीं नाहींत. ज्याच्याविषयीं होतीं, त्यास तीं पन्नास वर्षें पाठ असतील. आणि काळाचा दोष काळाच्या माथीं ठेवणें आम्हांस जितकें सोपें आहे, तितकें त्यास नाहीं. कारण त्याच्यासाठीं ती थट्टा पुस्तकाचें पान मिटल्यावर संपत नव्हती.

मग त्या रात्रीं आम्हीं तें पान गाळलें तें कोणासाठीं? नातीसाठीं, असें आम्ही स्वतःस सांगत होतों. परंतु तिला त्या ओळींनीं जखम होण्याचा संभव नव्हता. तीही आमच्यासारखीच, त्या थट्टेच्या सुरक्षित बाजूस जन्मलेली. त्या मित्रासाठीं गाळलें असेंही म्हणवत नाहीं, कारण त्या क्षणीं त्याची आठवणही नव्हती. खरें उत्तर लाजिरवाणें आहे. आम्हीं तें पान पुस्तकाची, आणि पुस्तकाच्या मिषानें आमची, अब्रू राखण्यासाठीं गाळलें. असलें पुस्तक आजोबांना आवडलें कसें, हा प्रश्न तिनें विचारूं नये म्हणून गाळलें. मुलांच्या कोमल मनाचें नांव घेऊन मोठीं माणसें जी काटछांट करितात, तिच्यांतील पुष्कळशी याच जातीची असावी, असा आम्हांस आतां संशय येतो.

ज्यास जखम होण्याचा संभव आहे, अशा मुलानें काय करावें, व त्याच्या वडिलांनीं काय करावें, हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु अशा एका मुलाची हकीकत त्यानेंच लिहून ठेविली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठीं १९५६ सालीं जी प्रस्तावना लिहिली, तिच्यांत ते सांगतात कीं, वडील रामजी आपणांकडून व वडील बंधूंकडून घरीं जमलेल्या मंडळींसमोर रोज महाभारत व रामायण यांतील भाग वाचवून घेत. पुढें एक परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या समारंभांत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनीं त्यांना स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. तें वाचून त्यांचें मन हेलावलें, आणि त्यांनीं वडिलांस विचारलें कीं, ज्या ग्रंथांत ब्राह्मणक्षत्रियांची थोरवी व शूद्रांची अवहेलना आहे, ते तुम्ही आम्हांस कां वाचावयास लावतां? रामजींना तो प्रश्न रुचला नाहीं. पहिल्या वेळीं त्यांनीं मुलास गप्प बसविलें. परंतु कांहीं काळानें तोच प्रश्न पुन्हां आला, तेव्हां त्यांच्यापाशीं विचार केलेलें उत्तर होतें : आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनांत न्यूनगंड येण्याचा संभव; द्रोण व कर्ण किती लहान स्थितींतून किती वर चढले तें पाहा, म्हणजे तो जाईल. बाबासाहेब म्हणतात, त्या म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें, परंतु माझें समाधान झालें नाहीं.

या हकीकतींत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें हें कीं, मुलाचें समाधान झालें नाहीं, व तसें स्पष्ट लिहिण्याइतकें तें मोकळें राहिलें. वडिलांनीं ग्रंथ लपविला नाहीं, त्यांतील पानें गाळलीं नाहींत. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा उत्तर घेऊन आले. आणि दुसऱ्या एका वडील माणसानें योग्य वेळीं दुसरें पुस्तक हातीं ठेविलें. दुखविणाऱ्या पुस्तकावर खरा उतारा कात्री नव्हे, दुसरें पुस्तक हा होय. आमच्या मित्रास आम्हीं दुसरें पुस्तक दिलें नाहीं. त्याच्या अरसिकतेवर शिक्का मारून आमचें कपाट बंद केलें. आमचा अपराध जर कोणता असेल, तर तो हा.

सारांश, आमचें मत असें बनलें आहे. एखादें पुस्तक मुलास इतक्यांत देऊं नये असें वाटल्यास वडिलांनीं तें खुशाल मागें ठेवावें, परंतु ठेवलें आहे हें लपवूं नये. संक्षेप किंवा रूपांतर करावें, परंतु त्यावर तसें लिहावें. भागवतांच्या व्हर्नविषयीं कोणाची कधीं तक्रार झाली नाहीं ती यामुळेंच. दिलेलें पुस्तक मात्र सबंध द्यावें, आणि देऊन निघून जाऊं नये; जवळ बसावें. कारण छापलेल्या पानास प्रश्न विचारतां येत नाहीं, तो जवळ बसलेल्या माणसास विचारतां येतो. आणि शेवटीं, आपल्याला आवडलें तें मुलांनाही आवडावें हा हट्ट सोडावा. आपण त्यांना पुस्तक देत असतों. आपलें बाळपण पुन्हां मान्य करून घेण्याचा करार करीत नसतों.

त्याच सायंकाळीं आम्हीं नातीस जवळ बोलाविलें व झोपेची सबब खोटी होती असें सांगितलें. तें पान तिच्यापुढें वाचलें. मित्राचीही गोष्ट सांगितली. अपेक्षित प्रश्न आलाच, "मग तुम्हांला हें पुस्तक आवडलं कसं?" त्याचें जें उत्तर वर लिहिलें आहे, तेंच तिला समजेल अशा शब्दांत दिलें. ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पण त्या मित्राला तुम्ही नंतर विचारलंच नाहीत?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याचा ठावठिकाणा आज आम्हांस माहीत नाहीं.

तें पुस्तक तिनें पुढें आणखी दोन प्रकरणें वाचलें, मग खालीं ठेविलें व शाळेच्या वाचनालयांतून आणलेलें दुसरेंच एक उघडलें. आम्हांस किंचित् वाईट वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. पुस्तक पुन्हां तळच्या खणांत गेलें आहे. त्या पानाचा कोपरा मात्र आम्हीं दुमडून ठेविला आहे. पुढें कधीं तें कोणास वाचून दाखविण्याचा योग आला, तर तेथें थांबावयाचें आहे.